ग्रीस भरूनही पुढचं चाक पुन्हा वाजतं: जुन्या गाड्यांच्या टेपर बेअरिंगचं निदान आणि सेटिंग

तक्रार ठरलेली असते. जुनी जीप, कमांडर किंवा सुमो. ताशी ५०-६०च्या पुढे गेलं की पुढच्या एका चाकातून घुर्र असा आवाज. गॅरेजमध्ये चाक उघडतं, ग्रीस भरलं जातं, पंधरा दिवस शांततेत जातात आणि दोन-तीन हजार किलोमीटरच्या आत तोच आवाज त्याच चाकातून परत. मग ‘ग्रीस हलकं होतं’ असं ठरतं आणि आणखी भारी डबा येतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

ग्रीस संपलं म्हणून बेअरिंग जातं, असं क्वचितच घडतं. एकाच चाकाचं बेअरिंग परत परत जात असेल, तर दोष नटाच्या सेटिंगमध्ये, कपच्या (हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, घट्ट बसणाऱ्या बाहेरच्या कडीच्या) बैठकीत, वॉशरमध्ये किंवा सीलमध्ये असतो. तो सापडेपर्यंत कितीही महागडं ग्रीस भरा, फरक फक्त बिलात पडेल.

आधी खात्री: आवाज बेअरिंगचाच आहे ना?

लाटा पडून झिजलेला टायरही हुबेहूब असाच घुमतो. पण रस्ता बदलला की टायरचा आवाज बदलतो. डांबरावर एक, काँक्रीटवर दुसरा. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं. त्याचा आवाज वेगाने आणि वळणाने बदलतो. मोकळ्या रस्त्यावर ५०च्या आसपास वेग धरून स्टिअरिंग हलकेच एका बाजूला घ्या. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, म्हणून तेव्हा आवाज वाढला तर उजवं चाक आधी उघडायचं.

मग गाडी जॅकवर घ्या, पण काम घोडीवर (ॲक्सल स्टँडवर) ठेवूनच करा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ, म्हणजे ढिलाई, जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गायब झाला, तर तो बेअरिंगचा. तसाच राहिला, तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट बघा. फक्त डावी-उजवीकडे धरून हलवल्यावरच खेळ येत असेल, तर तो बहुधा टाय रॉडचा असतो आणि बेअरिंग बिचारं उगाच बदललं जातं.

पुढे डिस्क ब्रेक असलेल्या गाडीत आणखी एक खूण मिळते. सरळ रस्त्यावर बराच वेळ चालवल्यानंतर ब्रेकचा पहिला दाब खोल जातो आणि दुसरा बरोबर लागतो. सैल बेअरिंगमुळे डिस्क डोलते, पॅड मागे ढकलले जातात. असल्या गाडीत मास्टर सिलिंडर बदलून काहीच साधत नाही.

हब गरम होतो का, हे तुळजापूरचा घाट उतरून आल्यावर तपासू नका. ती उष्णता ब्रेकची असते. विजापूर रस्त्याला सपाटीवर २० किलोमीटर चालवा, शेवटचे दोन-तीन किलोमीटर ब्रेकला शक्यतो हात लावू नका आणि थांबताना गाडी गिअरवर सावकाश आणा. मग दोन्ही हब एकमेकांशी ताडून बघा. ड्रमचा घेर तापलेला आणि मध्यभाग त्या मानाने गार असेल, तर ब्रेक धरतोय. मध्यभागच जास्त तापला असेल, तर बेअरिंग आवळलेलं आहे. मे महिन्यात इथे सोलापुरात सावलीतच ४२-४३ अंश असतात, तेव्हा ‘हाताला चटका बसला’ याला एकट्याने अर्थ नाही. डावं-उजवं यांतला फरक तेवढा खरा.

उघडल्यावर लगेच धुऊ नका

ही घाई सगळ्यांत जास्त नडते. टोपी, स्प्लिट पिन, नट, वॉशर काढला, हब ओढला की पहिली गोष्ट ग्रीस बघायची. ताकासारखं पांढुरकं झालं असेल, तर पाणी शिरलंय. काळं आणि जळका वास येत असेल, तर ते तापलंय. बोटांत चोळल्यावर कचकच लागली, तर सीलमधून धूळ आत येतेय. हे सगळं डिझेलच्या ट्रेमध्ये वाहून गेलं की कारण शोधायला पुरावाच उरत नाही.

त्यानंतर धुवा आणि रोलर व कप उजेडात फिरवून बघा. निळसर किंवा तपकिरी रंग म्हणजे तापलं, आणि नव्याने बसवलेल्या बेअरिंगमध्ये त्याचं कारण बहुतेक वेळा जास्त आवळलेला नट. रोलरच्या अंतराने समान ठिपके किंवा आडव्या रेषा उमटल्या असतील, तर तीन शक्यता: खड्ड्यात बसलेला जोरदार दणका, बसवताना रोलरमधून दिलेले हातोड्याचे घाव, किंवा गाडी महिनोन्महिने एकाच जागी उभी असणं. फक्त लग्नसराईत बाहेर निघणाऱ्या जीपच्या बाबतीत तिसरी शक्यता आधी धरा. बारीक, दाट, धुण्याच्या दगडावरच्या पन्हळींसारख्या रेषा दिसल्या, तर वेल्डिंगचा करंट बेअरिंगमधून गेलेला असतो. चासीला वेल्डिंग करताना अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या शेजारीच लावायचा. लांब लावला तर करंट चाकातून वाट काढू शकतो.

सगळ्यांत बोलकी खूण कपवर असते. रोलर चालल्याचा चकचकीत पट्टा पूर्ण गोल आणि सारख्या रुंदीचा हवा. एका बाजूला रुंद आणि समोरच्या बाजूला अरुंद असेल, तर कप तिरका बसलाय. अशा हबमध्ये कितीही नवी बेअरिंगं घाला, दर वेळी लवकर जातील.

कपची बैठक

बेअरिंग घेताना कोन (रोलर बसवलेली आतली कडी) आणि कप जोडीनेच घ्यायचे आणि जोडीनेच बदलायचे. ‘कप चांगला दिसतोय, राहू दे’ म्हणून नुसती कोन बदलणं म्हणजे जुन्या पट्ट्यावर नवे रोलर चालवणं. आवाज लवकर परत येण्याचं हे एक हमखास कारण. नंबर कोनच्या तोंडावर कोरलेला असतो. तो पुसट झाला असेल तर कपवर बघा आणि जुनं बेअरिंग सोबत घेऊनच दुकानात जा. मेट्रिक नंबरात शेवटचे दोन अंक पाचने गुणले की आतला व्यास मिळतो: ३०२०५ म्हणजे २५ मिमी. पाकिटावर एक नंबर आणि बेअरिंगवर दुसरा असेल, तर तिथूनच परत करा.

जुना कप काढायला पितळी सळई वापरा आणि समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने ठोका. एकाच बाजूला ठोकलं की कप तिरका होऊन हबचा बोअर, म्हणजे कप बसतो ते भोक, खरवडतो, आणि तो ओरखडाच पुढच्या कपला नीट बसू देत नाही. हटूनच बसलेल्या कपच्या आतल्या पट्ट्यावर वेल्डिंगची एक ओळ फिरवली, तर थंड होताना तो आवळतो आणि बहुतेक वेळा हातानेच निघतो. अर्थात तो कप त्यानंतर भंगारात. बेअरिंग काढलेला हब एकटाच असतो, त्यामुळे इथे करंटची भीती नाही.

नवा कप बसवण्याआधी बोअरचा तळ, म्हणजे ज्या खांद्यावर कप टेकतो ती कडा, बोटाने आणि नखाने फिरून तपासा. जुन्या रंगाची खपली, धातूची उचललेली धार (बर), ग्रीसमध्ये अडकलेला स्प्लिट पिनचा तुकडा, काहीही असू शकतं. त्या कणावर कप टेकला तर आज सेटिंग बरोबर वाटतं, चार-पाचशे किलोमीटरमध्ये तो कण चेपला जातो, कप मागे सरकतो आणि चाक पुन्हा डोलायला लागतं. ‘परवाच तर नट आवळला होता’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

इथलं ऊन या एका कामात मदतीला येतं. कप रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, हब दुपारी पत्र्यावर उन्हात ठेवा. दोघांत ७० अंशांचा फरक पडला, तर ६० मिमी व्यासाच्या कपला साधारण ०.०५ मिमी सूट मिळते आणि तो हलक्या ठोक्यांत सरळ खाली जातो. आधी कपवरचं दव पुसून घ्या. ठोकायला जुना कप उलटा ठेवायचा, बाहेरून किंचित घासून घेतलेला, म्हणजे तो आत अडकत नाही. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, पोकळ ‘टण’चा भरीव ‘ठक’ होतो. त्यावरच विसंबू नका. हबच्या मागच्या खाचेतून ०.०५ मिमीची फीलर पट्टी कपमागे घालून बघा. ती कुठेही शिरता कामा नये.

कप बोटाने ढकलून आत जात असेल, तर तो हब कामातून गेला. आत सेंटर पंचाचे ठिपके मारून कप घट्ट करायची पद्धत सर्रास दिसते. ते ठिपके काही हजार किलोमीटरमध्ये चेपतात आणि कप हबमध्ये फिरायला लागतो. त्याच्या पाठीवर तेव्हा चकाकी आणि लालसर तपकिरी डाग दिसतात. लेथवर बुश बसवून घ्या, नाहीतर हब बदला. चाक गळून पडण्याशी खेळ नको.

वॉशर, ज्याच्याकडे कोणी बघत नाही

कोन आणि नट यांच्या मध्ये जो वॉशर असतो, त्याच्या आतल्या कडेला जीभ किंवा सपाट बाजू असते. स्टब ॲक्सलच्या, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या दांड्याच्या, खाचेत ती अडकते आणि वॉशर फिरत नाही. बाहेरच्या बेअरिंगची कोन चालताना थोडी थोडी फिरते; तिची ओढ नटापर्यंत जाऊ नये, हे या जिभेचं काम. जीभ तुटली असेल, किंवा मूळ वॉशर हरवून हार्डवेअरच्या दुकानातला साधा गोल वॉशर घातला असेल, तर कोन नटाला सोबत ओढते. एका बाजूला नट आवळला जातो, दुसऱ्या बाजूला सुटतो, आणि स्प्लिट पिन कातरली जाते. पिन दर वेळी वाकलेली किंवा अर्धी कापलेली निघत असेल, तर सगळ्यांत आधी हा वॉशर बदला. स्वस्तातला उपाय हाच.

धुणं आणि ग्रीस

जुनं ग्रीस पूर्ण काढायचं, वर नवं थापायचं नाही. आधी कोणतं भरलं होतं हे माहीत नसतं, आणि लिथियम ग्रीसमध्ये पॉलियुरिया किंवा बेंटोनाइटचं ग्रीस मिसळलं तर मिश्रण पातळ होऊन सीलमधून बाहेर येऊ शकतं. डिझेलमध्ये दोनदा धुवा, शेवटचा हात ब्रेक क्लीनरचा, आणि पूर्ण सुकू द्या. डिझेलचा अंश राहिला तर नवं ग्रीस सैल पडतं. कॉम्प्रेसरच्या हवेने कोन गरगर फिरवून दाखवायची हौस असते. कोरड्या रोलरना ती झीज देते आणि रोलर धरून ठेवणारी जाळी फुटली तर रोलर अंगावर येतो. ड्रममधली ब्रेकची धूळही हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या शूंमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं.

पुसायला काय वापरता तेही बघा. सोलापुरात कॉटन वेस्ट आणि टॉवेलच्या चिंध्या किलोवर मिळतात आणि गॅरेजमध्ये त्याच असतात. दोन्हींचे धागे रोलरमध्ये अडकतात. बेअरिंगसाठी जुन्या धोतराचं किंवा चादरीचं, धागे न सुटणारं सुती कापड वेगळं ठेवा.

ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय (ग्रीसच्या घट्टपणाचा नंबर) २ किंवा ३. दुकानात ‘एपी थ्री’ म्हणून मिळतं ते साधं लिथियम ३ नंबरचं; ड्रम ब्रेकच्या गाडीला ते चालतं. साधं लिथियम १८०-१९० अंशांच्या आसपास वितळतं, कॉम्प्लेक्स २५०च्या पुढे. पुढे डिस्क असेल आणि घाटातून भरल्या गाडीने ये-जा असेल, तर कॉम्प्लेक्सच घ्या. स्प्रिंगच्या पाट्यांचं ग्राफाइट ग्रीस इथे चालत नाही. निपलला मारायचं स्वस्त कॅल्शियम ग्रीसही नाही. ते १०० अंशांच्या आसपासच पाणी होतं.

भरताना तळहातावर गोळा घ्या आणि कोनची रुंद बाजू त्यात दाबत ओढा, जोपर्यंत अरुंद बाजूने प्रत्येक रोलरच्या मधून ग्रीस वर येत नाही. थोडं फिरवून पुन्हा, असा पूर्ण फेरा. वरून बोटाने लिंपलेलं ग्रीस जाळीच्या आत जात नाही. दोन कपच्या मधल्या पोकळीत एक तृतीयांश ते निम्मं, टोपीत एक तृतीयांशापर्यंत. अशा गाडीला एका चाकाला साधारण ७०-८० ग्रॅम पुरतं, म्हणजे अर्ध्या किलोच्या डब्यात दोन्ही चाकं होऊन बरंच उरतं. डबाच रिकामा झाला असेल, तर ग्रीस कुठे जाणार हे ठरलेलं आहे: तापून फुगणार, सील ढकलणार आणि ब्रेक शूवर उतरणार. मग गाडी ब्रेक दाबताच एका बाजूला ओढते.

सील दर वेळी नवं. स्प्रिंग असलेला ओठ आतल्या, म्हणजे ग्रीसच्या बाजूला. ओठावर ग्रीसचा हलका हात. स्टबवर सील चालतं तिथे नखाला लागेल अशी चर पडली असेल, तर नवं सीलही गळणार. हबमध्ये जागा असेल, तर सील एक-दीड मिमी वर ठेवून ओठ कोऱ्या जागेवर आणता येतो. पाणी शिरण्याचं आणखी एक कारण गाडी धुण्यातच असतं. तापलेल्या हबवर थंड पाण्याचा जोरदार फवारा मारला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. पावसाळ्यात भरल्या ओढ्यातून गाडी काढल्यावरही तेच घडतं. लांबून आलेली गाडी अर्धा तास थांबवून मगच धुवायला द्या.

नटाचं सेटिंग: खरा घोळ इथे

टेपर बेअरिंगला किंचित मोकळीक लागते, सर्वसाधारणपणे ०.०३ ते ०.१३ मिमी. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. चाक तापल्यावर ही मोकळीक बदलते, म्हणून गार असताना शून्यावर आवळलेलं बेअरिंग रस्त्यावर जळतं.

हब सतत फिरवत नट २५ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. टॉर्क पाना नसेल, तर ३० सेंमी लांब पान्याच्या टोकाला साधारण साडेआठ किलोची ओढ. हब न फिरवता आवळलं तर रोलर कोनच्या कडेला टेकत नाहीत आणि सेटिंग खोटं येतं, म्हणून आवळताना दहा-बारा फेरे द्याच. मग नट पूर्ण सैल करा, पण हब हलवू नका. आता नुसत्या बोटांनी, पाना न लावता, नट टेकेपर्यंत आणा. इथून पिनच्या भोकासमोर जवळची खाच येईपर्यंत मागे. पुढे कधीच नाही.

गोची अशी की जवळची खाच नेहमी जवळ नसते. नटाचा आटा १.५ मिमीचा असेल, म्हणजे एका फेऱ्यात नट तेवढा सरकत असेल, तर सहा खाचांच्या नटाची एक खाच म्हणजे ६० अंश, म्हणजे ०.२५ मिमी. परवानगी ०.१३ची. म्हणजे नशीब वाईट असेल, तर बरोबर केलेलं कामही दुप्पट सैल सुटतं, आणि ते टाळायला मेकॅनिक एक खाच पुढे नेतो. मग बेअरिंग जळतं. पुन्हा जाणाऱ्या बेअरिंगचं हे सगळ्यांत नेहमीचं कारण, आणि गंमत म्हणजे यात निष्काळजीपणा कोणाचाच नसतो. स्टबला आडवी-उभी दोन भोकं असतील, तर पायरी ३० अंशांची होते आणि निम्मा प्रश्न सुटतो. एकच भोक असेल तर दोन मार्ग. दुसरा नट लावून बघा. आट्याच्या सुरुवातीच्या हिशेबात त्याच्या खाचा वेगळ्या येतात. नाहीतर वॉशर काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर सपाट घासा. ०.१ मिमी घासला की नट २४ अंश पुढे येतो. मधूनमधून मायक्रोमीटरने चार बाजूंना मोजत राहा, वॉशर तिरपा होऊ देऊ नका.

मोजणी डायल गेजने. चुंबकी पाय ड्रमवर, सुई स्टबच्या टोकावर, हब आत-बाहेर ओढायचा. गेज नसेल, तर वॉशर स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने बाजूला सरकतो का बघा: थोड्या जोराने सरकला पाहिजे. अजिबात हलत नसेल तर आवळलेलं आहे, आपोआप लोळत असेल तर सैल.

जीपच्या धर्तीच्या हबला पिन नसते, दोन नट आणि मध्ये लॉक वॉशर असतो. आतला नट हब फिरवत ६५-७० न्यूटन-मीटरपर्यंत आवळून एक षष्ठांश फेरा मागे, मग लॉक वॉशर, मग बाहेरचा नट. बाहेरचा आवळताना तो आतल्या नटाला आट्यातल्या ढिलाईइतका आत दाबतो आणि आधी सोडलेली मोकळीक गायब होते. म्हणून तपासणी बाहेरचा नट पक्का झाल्यानंतरची. आवळलेलं वाटलं तर पुन्हा सोडून आतला थोडा आणखी मागे घ्या. वॉशरची पाकळी एकदा वाकवली की तो वॉशर परत वापरायचा नाही. आणि नट छिन्नी-हातोड्याने फिरवायचा नाही. मोठा हब पाना विकत घ्या, तो एकदाच घ्यावा लागतो.

हे सगळं मारुती ८००च्या मागच्या चाकाला लावू नका. तिथे बॉल बेअरिंगं आहेत, मध्ये स्पेसर आहे, आणि नट मॅन्युअलमधल्या पूर्ण टॉर्कवर आवळायचा असतो. मागे घेतला तर बिघडतं. तिथे खेळ आला तर सेटिंग नाही, बेअरिंग बदलायचं. दोन्ही बाजूंनी सीलबंद बेअरिंगचं झाकण उचकटून ग्रीस भरणंही व्यर्थ.

रुंद टायर आणि बाहेर आलेल्या रिमची जीप असेल, तर एक गोष्ट मान्य करावी लागेल. रिम बाहेर गेलं की भार बाहेरच्या लहान बेअरिंगवर सरकतो. सेटिंग अगदी बरोबर असूनही तेच बेअरिंग परत परत जात असेल, तर मूळ मापाचं रिम लावून बघा.

काम झाल्यावर २०० किलोमीटरने चाक पुन्हा वर घ्या. नव्या कपची बैठक एवढ्यात होते आणि तेव्हा एखादी खाच आवळावी लागली तर ते ठीक. हजार किलोमीटरने पुन्हा सैल निघालं, तर आवळू नका. हब उतरवा आणि कपची पाठ बघा.